जागता पहारा : प्रस्तावना

9 जानेवारी 2021. मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात 17 बाळं होती. सात वाचली, दहा गेली. गेलेल्या दहांपैकी तिघांना ज्वाळांनी गाठलं आणि सात जण धुराने गुदमरले, असं त्या दिवशी सरकारतर्फे सांगण्यात आलं. गेली तीसेक वर्षं रुग्णालयांच्या इमारतींची देखभाल हेच माझं काम आहे, आणि हा सातचा आकडा माझ्या डोक्यातून कधीच जात नाही. आग ज्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, अशी ही सात बाळं. त्यांना वाचवायला पाण्याच्या आधी वेळ हवा होता, चार-सहा मिनिटं आधी मिळालेली खबर हवी होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधल्या रुग्णालयापर्यंत आग आणि धूर पोचला. 23 एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. पाच दिवसांनी मुंब्र्यातल्या एका रुग्णालयात आग लागली. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि एका दिवसात 11 जण गेले. एक राज्य, एक वर्ष. विशेष म्हणजे 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने राजकोटच्या रुग्णालयातल्या आगीची दखल घेऊन करोना रुग्णालयांची दरमहा अग्निसुरक्षा तपासणी करायला सांगितलं होतं. त्या आदेशाला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा भंडारा घडलं.

या पुस्तकाचे दोन लेखक आहेत. एकाची हयात अग्निशमन दलात गेली, दुसऱ्या बाईंची वॉर्डात. हस्तलिखित हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, पंप, पाइप आणि कलमांचं आणखी एक पुस्तक असेल. तसं ते नाही. रुग्णालयातल्या आगीकडे त्यांनी खाटेवरच्या माणसाच्या जागेवरून पाहिलं आहे. म्हणूनच चार शब्द लिहायला मी आनंदाने तयार झालो.

खाटेवरून पाहायचं म्हणजे काय? कचेरीत किंवा चित्रपटगृहात आग लागली की यंत्रणेचं काम सोपं असतं. माणसांना उठवायचं आणि जिना दाखवायचा, पुढचं त्यांचे पाय बघतात. रुग्णालयात ज्यांचे पाय चालतात असे थोडेच. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण हलवायचा तर एकाने अँबू बॅग दाबत राहायची, दोघांनी खाट ढकलायची, चौथ्याने सलाइन, सिरिंज पंप आणि ऑक्सिजनचा सिलिंडर सांभाळायचा. एका रुग्णाला चार माणसं, आणि रात्रपाळीला कक्षात असतात दोन सिस्टर, एक डॉक्टर, एक मामा किंवा मावशी. दहा खाटांचा हिशेब वाचकांनीच करावा. भंडारा, विरार आणि 2011 सालचं कोलकात्यातलं आमरी रुग्णालय, तिन्ही ठिकाणी आग मध्यरात्र ते पहाट या वेळेतच लागली, म्हणजे माणसं सगळ्यांत कमी असतात तेव्हा. म्हणून इथे इमारतीनेच काही कामं स्वतःहून करायला हवीत: धूर ओळखायचा, ओरडायचं, पाणी सोडायचं, हवा बंद करायची, धूर बाहेर ढकलायचा. या सगळ्याला मिळून सक्रिय अग्निसुरक्षा यंत्रणा म्हणतात. भिंती, आगरोधक दारं, इमारतीचे पाडलेले स्वतंत्र कप्पे यांना पुस्तकात निष्क्रिय संरक्षण म्हटलं आहे. परिभाषेचा तो शब्द मला आवडत नाही. दोन तास आग अडवून धरणारी भिंत निष्क्रिय कशी? शिवाय शेजारचा कप्पा सुरक्षित असेल तरच खाट आडवी ढकलून तिथे नेता येते. एवढी माणसं जिन्यावरून उतरवणं निव्वळ अशक्य आहे. त्यामुळे यंत्रणा आणि भिंत यांचा एकत्र विचार करावा लागतो, आणि लेखकांनी तो केला आहे.

सुरुवात धूर ओळखण्यापासून. छताला चिकटलेली ती पांढरी वाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या आत एक छोटी अंधारी खोली असते. एका बाजूने प्रकाशाचा झोत जातो, पण तो समोरच्या संवेदकावर पडत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, थोडा संवेदकावर पडतो, आणि पॅनलवर दिवा लागतो. चांगल्या पॅनलवर खोलीचं नावही दिसतं. इथवर सगळं सुरळीत असतं. पण स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने किंवा निर्जंतुकीकरणाच्या खोलीत वाफेने हीच वाटी बोंबलायला लागते. अशा ठिकाणी उष्णता ओळखणारा डिटेक्टर बसवायचा असतो. कंत्राटदाराने सगळीकडे एकच जात बसवली की आठवड्यातून चारदा खोटा भोंगा वाजतो, रुग्ण घाबरतात, नातेवाईक धावतात आणि कोणीतरी वैतागून हूटर बंद करतं. त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. मी अशा कितीतरी बंद हूटरपुढे उभा राहिलो आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चूक बसवणाऱ्याची निघाली आहे. अतिदक्षता कक्षात आणखी एक गोष्ट असते. तिथे मॉनिटर दिवसरात्र टिंगटिंग करत असतात. नवा आवाज वेगळा ओळखू आला नाही तर सिस्टर तो आणखी एक टिंग समजते. भोंगा कुठे वाजावा, किती मोठा वाजावा, आणि कुठे नुसता दिवा लागून माईकवर 'कोड रेड' जाहीर करावं, यावरचं तिसरं प्रकरण मी दोनदा वाचलं.

आता पाण्याबद्दल. याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण इथली दुखणी मी हातांनी तपासलेली आहेत.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात मला पाहणीसाठी बोलावलं होतं. रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही, त्याची गरजही नाही. इमारत नवी होती. प्रत्येक मजल्यावर लालभडक पेट्या, आत गुंडाळलेला पंधरा मीटरचा होज, पितळेची ब्रँच पाइप, सगळं चकचकीत. मी तळमजल्याच्या पंपरूमची किल्ली मागितली. किल्ली सापडायला चाळीस मिनिटं लागली. दार उघडलं तर आत जुन्या गाद्या, मोडक्या खाटा आणि सलाइनच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग. त्यातून वाट काढत पॅनलपाशी गेलो. दाबमापकाचा काटा शून्यावर. मेन पंपाचा सिलेक्टर 'मॅन्युअल'वर. जॉकी पंपाचा 'ऑफ'वर. डिझेल पंपाच्या बॅटरीची एक वायर काढून ठेवलेली. टाकीत मात्र पाणी काठोकाठ होतं.

पंप चालवणारे काका भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. वरच्या मजल्यावर एका जोडातून पाइप गळत होता. गळतीमुळे लाइनमधला दाब उतरायचा, तो भरून काढायला जॉकी पंप दर पाच मिनिटांनी सुरू व्हायचा, आणि वरच्या खोलीतल्या डॉक्टरांची झोपमोड व्हायची. काकांनी तो बंद केला. मग दाब आणखी उतरला आणि मोठा पंप आपोआप सुरू झाला. हा पंप मुद्दाम असा बनवलेला असतो की सुरू आपोआप होतो, पण बंद मात्र माणसालाच करावा लागतो. आग विझलेली कोणीतरी डोळ्यांनी बघावी, हा त्यामागचा विचार. काका रात्री घरी होते. पंप तासभर चालला, बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी तो मॅन्युअलवर गेला, आणि मग डिझेलचा पंपही सुरू होऊ नये म्हणून त्याची वायर निघाली. गळणारा जोड एक होता. तो घट्ट करायला प्लंबरला अर्धा दिवस पुरला असता. तो अर्धा दिवस कोणी दिला नाही, म्हणून चार मजल्यांच्या सगळ्या लाल पेट्या कोरड्या झाल्या. आम्ही त्या दिवशी तो जोड दुरुस्त केला, पंप ऑटोवर टाकला आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला. पाण्याची धार अंगणापलीकडे गेली, आणि काकांचे डोळे भरून आले. 'साहेब, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं,' एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर मी कुठल्याही रुग्णालयात गेलो की आधी पंपरूममध्ये जातो, लाल पेट्या नंतर बघतो.

स्प्रिंकलरविषयी डॉक्टरांच्या मनात भीती असते आणि ती खोटी नाही. लाखो रुपयांची यंत्रं, उघडं पोट, आणि वरून पाणी! चित्रपटांनी एक समज पक्का करून ठेवला आहे, की कुठेतरी धूर झाला की साऱ्या इमारतीत पाऊस पडतो. प्रत्यक्षात प्रत्येक स्प्रिंकलर आपापला असतो. त्याच्या तोंडाशी काचेची एक नळी असते, त्यात द्रव भरलेला असतो. वॉर्डात बहुतेक लाल रंगाची नळी दिसते, ती 68 अंश सेल्सियसला फुटते. जिथे मुळातच गरम असतं तिथे 79 अंशांची पिवळी किंवा 93 अंशांची हिरवी लावतात. धुराशी तिला देणंघेणं नाही. ती उष्णता ओळखते, आणि ज्या स्प्रिंकलरची नळी फुटते तिथूनच पाणी येतं.

प्रशिक्षणात मी हे दाखवतो. पाइपला न जोडलेलं एक सुटं स्प्रिंकलर हेड स्टीलच्या भांड्यात ठेवायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. सगळे जरा लांब उभे राहतात. काही क्षण काहीच होत नाही, मग भांड्यातून 'टिक' असा बारीकसा आवाज येतो आणि काच फुटून झाकण निखळतं. एकदा वॉर्डातल्या एक मावशी पुढे आल्या, भांड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, 'एवढंच? मग बाकीचे नाही फुटणार?' तेवढं एक वाक्य कळलं की अर्धी भीती जाते. राहिलेल्या अर्ध्या भीतीलाही उत्तर आहे. नेहमीच्या एका हेडमधून एक बार दाबाला मिनिटाला सुमारे 80 लिटर पाणी येतं. ते आलं नाही आणि आग वाढली, तर अग्निशमन दलाचे जवान येऊन जाड होजने मारतील ते पाणी याच्या कित्येक पट असेल आणि ते साऱ्या कक्षात जाईल. जिथे थेंबही चुकून पडायला नको, अशा जागांसाठी आधी डिटेक्टरचा इशारा मिळाल्यावरच पाइपात पाणी सोडणारी व्यवस्था असते. खर्च वाढतो, पण मार्ग आहे. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग सोडून बाकी सगळीकडे स्प्रिंकलर, ही तडजोड मी अनेक नकाशांवर पाहिली आहे. मला ती पटत नाही. ज्यांना उठता येत नाही, नेमके तेच उघड्यावर राहतात.

ऑक्सिजनबद्दल लेखकांनी वेगळं प्रकरण लिहिलं, त्यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण बाकी सगळं भडकवतो. हवेत तो 21 टक्के असतो. त्यात थोडी जरी भर पडली तरी चादर, केस, गादीचा फोम नेहमीपेक्षा लवकर पेटतात आणि जोराने जळतात. करोनाच्या काळात एकेका रुग्णाला मिनिटाला 60 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारी यंत्रं खाटेखाटेला लागली होती. त्यातला बराचसा मास्कच्या कडेने खोलीतच सांडत होता. खिडक्या बंद, एसी अहोरात्र चालू, आणि जुन्या वायरिंगवर दुपटीचा भार. वॉर्डाबाहेरच्या भिंतीत काचेच्या पेटीत ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह असतो. आग लागली तर तो बंद करायचा. पण आत दहा जण त्याच ऑक्सिजनवर जगत आहेत! मग तो कोणी, कधी, कोणाला विचारून बंद करायचा? लेखकांनी उत्तर स्पष्ट दिलं आहे: निर्णय त्या पाळीच्या प्रमुखाचा, रुग्णांना सुटे सिलिंडर लावल्यावर किंवा अँबू बॅगवर घेतल्यावर, आणि हे सगळं आधीच ठरवून भिंतीवर लिहिलेलं. हे वाचून काहींना धक्का बसेल. तो आज, शांत वेळी बसलेला बरा.

हातातल्या अग्निशामक सिलिंडरांबद्दल फार लिहीत नाही, पुस्तकात चित्रांसह सगळं आहे. दोनच गोष्टी सांगतो. बंद अतिदक्षता कक्षात पावडरचा सिलिंडर फोडला तर क्षणात समोरची खाट दिसेनाशी होते आणि आधीच धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीत ती पूड जाते. तिथे विजेच्या उपकरणांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो, आणि त्याचा फवारा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, हेही माहीत हवं. दुसरी गोष्ट एमआरआयची. त्या खोलीतलं चुंबक नेहमीच्या बटणाने बंद होत नाही. लोखंडी सिलिंडर घेऊन धावत आत गेलेला माणूस स्वतःच अपघात होतो. तिथे चुंबकाकडे न ओढला जाणारा सिलिंडरच दाराशी टांगलेला हवा, आणि तो वेगळा ओळखू येईल असा.

पुन्हा धुराकडे येतो. 9 डिसेंबर 2011 ला पहाटे कोलकात्यातल्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघर मंजूर झालं होतं गाड्या उभ्या करण्यासाठी, आणि तिथे साठवलं होतं जळाऊ सामान. ज्वाळा वरच्या मजल्यांवर गेल्याच नाहीत. वातानुकूलनाच्या वाहिन्यांतून आणि उभ्या पोकळ्यांतून धूर वर गेला. इमारतीला चहूबाजूंनी बंद काच होती, ती उघडायची सोय नव्हती. 90 हून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी अंथरुणात गुदमरून. शेजारच्या वस्तीतली पोरं बांबू आणि दोर घेऊन मदतीला धावली होती. केरळहून आलेल्या दोन तरुण परिचारिकांनी आठ रुग्णांना बाहेर काढलं आणि पुढच्या रुग्णाला आणायला त्या परत आत गेल्या. त्या परतल्या नाहीत. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. धूर कळताच एसीचा पंखा आपोआप थांबायला हवा, वाहिनीतली झडप पडायला हवी, तळघरातला धूर बाहेर ओढणारे पंखे सुरू व्हायला हवेत, आणि जिन्यात बाहेरची हवा दाबाने भरायला हवी, म्हणजे दार उघडलं तरी धूर जिन्यात शिरत नाही. यातली कुठलीही गोष्ट दुर्मीळ किंवा परदेशी नाही. आपल्याकडचे अनेक इलेक्ट्रिशियन या जोडण्या करू शकतात. मात्र डिटेक्टर एका ठेकेदाराने बसवलेला असतो, एसी दुसऱ्याने, लिफ्ट तिसऱ्याने, आणि या तिघांमधली वायर ओढणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. मी पाहणीला गेलो की डिटेक्टरखाली चाचणीचा धूर सोडतो आणि एसीच्या खोलीत माणूस उभा करतो. पंखा थांबला का, एवढंच त्याने सांगायचं.

कायदा आपल्याकडे आहे, आणि तो चांगला आहे. 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी थेट मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत देखभालीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, सादर करावं लागतं. वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण माझ्या काकांची वायर जुलैच्या तपासणीनंतर ऑगस्टमध्येच निघाली असेल, तर जानेवारीपर्यंत ती तशीच राहते. आणि जो फॉर्म पंपरूमचं दार न उघडता भरला जातो, त्याच्यावरची सही खोटी आहे. हे शब्द कडक वाटतील, मला ते मवाळ करायचे नाहीत.

अग्निशमन सप्ताहाचंही तेच. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह पाळतात. रुग्णालयांतली बहुतेक मॉक ड्रिल याच सात दिवसांत होतात, दुपारी चारच्या सुमाराला, सगळा स्टाफ हजर असताना. रात्री अडीचला, चौघांच्या पाळीवर, एक ड्रिल घेऊन पाहा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. मी घेतलं आहे. पहिल्या वेळी एक खाट शेजारच्या कप्प्यात न्यायला अकरा मिनिटं लागली, कारण मधल्या दारासमोर औषधांचं कपाट ठेवलेलं होतं. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं पुरली.

तालुक्याच्या गावी भाड्याच्या मजल्यावर दहा खाटांचं प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरांची अडचण वेगळी आहे. इमारत त्यांची नाही, गच्चीवरची टाकी सोसायटीची, पंपाला जागा नाही. त्यांना नुसता धाक दाखवून काही साधत नाही. त्यांच्यासाठी शेवटची दोन प्रकरणं आहेत, कमी खर्चात आधी काय करावं याच्या क्रमासह, आणि तो क्रम मला योग्य वाटतो: आधी वायरिंग, मग डिटेक्टर, मग होज रील.

लेखकांची सगळ्यांत मोलाची सूचना वॉर्डातूनच आलेली आहे. प्रत्येक वॉर्डात तातडीच्या औषधांची ट्रॉली असते. दर पाळीला सिस्टर ती उघडते, औषधं मोजते, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का पाहते, डिफिब्रिलेटर तपासते आणि वहीत सही करते. ती ट्रॉली महिना महिना लागत नाही, तरी ही तपासणी चुकत नाही. ही शिस्त रुग्णालयाच्या अंगात मुरलेली आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही. त्याच वहीत चार ओळी वाढवायच्या: पॅनलवर लाल दिवा नाही, मधलं दार मोकळं, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हसमोर काही ठेवलेलं नाही, पंपरूममधून दाबाचा आकडा फोनवर विचारला. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी आम्ही ते सुरू केलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात एका सिस्टरचा मला फोन आला, 'सर, काल साडेसहा होता, आज चार सांगतात. काय झालंय?' गच्चीवर एक व्हॉल्व्ह पाझरत होता. तो संध्याकाळपर्यंत बदलला.

पुस्तक सलग वाचलंच पाहिजे असं नाही. अभियंत्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. अधीक्षकांनी आणि विश्वस्तांनी आधी खर्चाचं प्रकरण वाचलं तरी चालेल, मात्र धुराचं प्रकरण टाळू नये. ज्यांची आज रात्रपाळी आहे त्यांनी थेट सातवं उघडावं, ते चहाच्या सुट्टीत वाचून होतं. शेवटी एक जाड कागदाचं पान शिवलेलं आहे, ते फाडून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावण्यासाठी आहे. त्यात पंपचालकाच्या फोन नंबरासाठी जागा कोरी सोडली आहे. नंबर लिहिल्यावर एकदा लावून पाहा, तो उचलतो का.